मोफत सौर प्रशिक्षणासाठी उकळलेले 18,000 रुपये

सातारा जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. 2024च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली, तेव्हा एक कोटी घरांच्या छतांवर सौरसंच बसवायचे तर ते बसवणारी माणसेही लागणार, या रास्त विचाराने त्याने सौर तंत्रज्ञ होण्याचे ठरवले. तालुक्याच्या गावी एका केंद्राने ‘शासन अनुदानित हरित कौशल्य प्रशिक्षण’ असा फलक लावला होता. प्रशिक्षणाचा सगळा खर्च शासन करते, मात्र 18,000 रुपये अनामत आधी भरावी लागते आणि ती प्रमाणपत्राबरोबर बँक खात्यात परत येते, असे केंद्रचालकाने त्याला सांगितले. माझ्या बहिणीने भिशी उचलून ते पैसे दिले. पावतीवर मात्र अनामतीचा उल्लेखच नव्हता. ‘नोंदणी व सहकार्य शुल्क, परत मिळणार नाही’ असे तळाशी बारीक अक्षरांत छापले होते आणि शिक्का इतका पुसट होता की संस्थेचे पूर्ण नावही वाचता येत नव्हते.

प्रत्यक्षात अशा योजनांचा पैसा शासनाकडून प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेकडे जातो. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा ‘सूर्यमित्र’ हा 600 तासांचा निवासी अभ्यासक्रम 2015 पासून गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत चालवला गेला आणि त्यात राहण्या-जेवणासह सर्व काही मोफत होते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील अल्पकालीन प्रशिक्षणासाठीही उमेदवाराला शुल्क द्यावे लागत नाही. ज्या प्रशिक्षणाचे मोल शासन देते, त्यासाठी गरिबाच्या घरातून पुन्हा पैसे घेणे ही उघड लूट आहे.

शिकवणीचे स्वरूप तर याहून वाईट होते. मुलांनी बोटांचे ठसे देऊन हजेरी लावायची, तासभर मोबाईलवर चित्रफिती पाहायच्या आणि घरी जायचे. खिडकीला टेकवून ठेवलेल्या एकमेव पॅनेलच्या वायरी कनेक्टरपासून कापलेल्या होत्या आणि अर्थिंगचा रोध मोजण्याचे यंत्र कोणाच्या हाती कधी दिलेच नाही. मी स्वतः विद्युत कंत्राटदार असल्यामुळे मला याची विशेष चीड येते. सौर पॅनेलमधून येणाऱ्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची ठिणगी घरातल्या एसी प्रवाहासारखी क्षणोक्षणी शून्यावर येत नाही, त्यामुळे ती सहजासहजी विझत नाही. छतावरचा एक सैल कनेक्टर आग लावू शकतो. ज्या मुलाने कनेक्टर कधी हाताने बसवलाच नाही, त्याला लोकांच्या छतावर पाठवणे हा त्याच्या आणि त्या घरातल्यांच्या जिवाशी खेळ आहे.

शेवटी हाती आलेल्या प्रमाणपत्रावर ‘सौर तंत्रज्ञ व ऊर्जा लेखापरीक्षक’ असे लिहिले होते. प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक, म्हणजे ऊर्जेचा वापर तपासणारा तज्ज्ञ, होण्यासाठी केंद्र शासनाच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, तिच्या चार प्रश्नपत्रिका असतात आणि ती देण्यासाठी ठराविक शिक्षण व अनुभवही लागतो. कोणतेही खासगी केंद्र हा दर्जा परस्पर देऊ शकत नाही. प्रमाणपत्रावर क्यूआर कोडही होता आणि पाहणाऱ्याला त्यानेच खात्री वाटावी अशी सोय होती. मी तो स्कॅन केला, तेव्हा शासकीय पोर्टलऐवजी केंद्राच्याच संकेतस्थळाचे एक पान उघडले. स्किल इंडिया डिजिटल हब या शासनाच्या कौशल्य प्रशिक्षणाच्या पोर्टलवर भाच्याच्या नावे कोणतेच प्रमाणपत्र नव्हते. मग ती ठशांची हजेरी कशासाठी घेतली, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. त्याने केंद्राला आधारची प्रत दिली होती आणि मोबाईलवर आलेले ओटीपीही वेळोवेळी सांगितले होते, म्हणून आम्ही सर्वप्रथम त्याच्या आधारचे बायोमेट्रिक लॉक केले.

पैसे परत मागितल्यावर केंद्रचालकाने पावतीवरच्या त्या बारीक ओळीकडे बोट दाखवले. त्यानंतर पावती, यूपीआय व्यवहाराचा तपशील, फलकाचे छायाचित्र आणि ‘अनामत परत मिळेल’ असे लिहिलेला व्हॉट्सअॅप संदेश जोडून आम्ही जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली असून दोन्हीकडून पोच घेतली आहे. त्याच तुकडीतील इतर मुलांच्या पालकांनीही आपापल्या पावत्या घेऊन स्वतंत्र तक्रारी नोंदवाव्यात, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.