ॲल्युमिनियम घाऊक घेताना: पूर्ण बार की कापलेले तुकडे?

महिन्याला दोन-तीनशे किलो माल लागायला लागला की बारा फुटी बार उचलावेत की स्टॉकिस्टकडून मापात कापून आणावेत, हा प्रश्न येतोच. भोसरीत माझं छोटं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) युनिट आहे, मी दोन्ही केलंय. किलोचा भाव बाजूला ठेवा, आधी नगाला किती पडतं ते काढा.

50 मिमीचा राउंड, म्हणजे गोल बार घेऊ. व्यासाचा वर्ग गुणिले 0.00212, म्हणजे मीटरला 5.3 किलो. 3660 मिमीचा बार साधारण 19.4 किलो भरतो. जॉब, म्हणजे बनवायचा नग, 60 मिमीचा. ब्लेडने कापताना जाणारे 2 आणि फेसिंगचा (टोक सपाट करण्याचा) 1 धरून 63. शेवटचे 100 मिमी बॅन्डसॉच्या (पट्टा-करवतीच्या) वाइसमध्ये, म्हणजे पकडीत, धरता येत नाहीत, ते सोडले तर 56 नग निघतात. नगाला 346 ग्रॅमचे पैसे. 63 मिमीचा कापीव तुकडा 334 ग्रॅमचा. फरक जेमतेम साडेतीन टक्के! कापीव मालाचा भाव कटिंगसकट चार टक्क्यांहून जास्त चढा असेल, तरच पूर्ण बार धातूच्या हिशोबात जिंकतो. त्यातून तुमचा सॉ, ब्लेड आणि माणसाचा वेळ वजा करा. तीन महिन्यांचा माल एकदम घेतलात, तर सरासरी दीड महिना पैसे अडकतात. 12 टक्के व्याजाने तो दीड टक्का झाला. 18 टक्के जीएसटीही आधीच भरावा लागतो, क्रेडिट मिळतं ते नंतर.

तरीही माझा कल पूर्ण बारकडे आहे, आणि त्याचं कारण भाव नाही, धातूची ओळख आहे. एकदा कापीव तुकडे आणले, सगळे एचई-30, म्हणजे 6082 या मिश्रधातूचे म्हणून. लेथवर काहींची चिप तुटत होती, काहींची लांब दोरीसारखी टूलला गुंडाळत होती. तिथेच थांबायला हवं होतं. ॲनोडायझिंगहून (पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवून) माल आला तो दोन छटांत. आत एचई-9, म्हणजे 6063 मिसळलेला; 6082 पेक्षा मऊ आणि ताकदीला कमी. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारखेच दिसतात. पूर्ण बारला टोकावर रंग मारता येतो, हीट नंबर (एकाच वेळी वितळवलेल्या मालाचा क्रमांक) टेस्ट सर्टिफिकेटशी ताडून बघता येतो. तुकड्यांत ती साखळी तुटते. कापीवच घ्यायचे असतील, तर प्रत्येक गठ्ठ्यावर हीट नंबर लिहून मागा.

रोज वेगळं माप लागणाऱ्या जॉबवर्कवाल्याने मात्र कापीवच घ्यावेत, नाहीतर रॅकवर नुसते उरलेले तुकडे साठतात.

चौकोनी जॉबला अजून एक गोष्ट बघा. एका बाजूने खोल पॉकेट (खाचा) मारायचं असेल, तर साधा टी6 (उष्णता देऊन कडक केलेला) फ्लॅट स्वस्त पडतो, पण वाइसमधून सुटताच जॉब वाकू शकतो. तिथे टी651 प्लेट घ्या. ती ताणून आतला ताण काढलेली असते. पातळ भिंतीच्या जॉबला हे जास्तीचे पैसे मी बिनतक्रार देतो.

पावसाळ्यात माल आला, तर प्लास्टिक त्याच दिवशी फोडा आणि प्लेटांमध्ये लाकडी पट्ट्या ठेवा. दोन प्लेटांमध्ये पाणी अडकलं की पांढरे डाग पडतात आणि ते फडक्याने पुसून जात नाहीत.