जवसाची चटणी की माशाच्या तेलाची कॅप्सूल? लातूरला मुले ठेवणाऱ्या पालकांसाठी

दहावीनंतर मुलांना लातूरला ठेवणाऱ्या पालकांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. मूल चिडचिडे झालेले असते, रात्री झोप लागत नाही म्हणते, फोनवर दोन वाक्यांपुढे बोलत नाही, आणि मग कोणीतरी ओमेगा-३ (माशाच्या तेलात आणि जवसात असणारी मेदाम्ले, म्हणजे फॅटी ॲसिड) सुरू करण्याचा सल्ला देते. आमच्या मुलीच्या अकरावीच्या वर्षी आम्ही दोन्ही करून पाहिले: आधी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि दिवाळीनंतर जवसाची चटणी. त्या अनुभवावरून, आणि जे वाचता-विचारता आले त्यावरून, हे लिहीत आहे.

कागदावर कॅप्सूल पुढे आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्ले माशाच्या तेलात तयार स्वरूपात असतात. जवसात असते ते एएलए हे तिसरे, आणि त्यापासून ती दोन्ही शरीराला स्वतः घडवावी लागतात. १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असते. दहा ग्रॅम जवसातून दोन ग्रॅमहून थोडे अधिक एएलए मिळते. त्यातील पाच ते दहा टक्क्यांचे ईपीए होते असे धरले, तर हिशेब १०० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे जवळपास एका कॅप्सूलइतका येतो. डीएचए मात्र फारच थोडे तयार होते, आणि मेंदूच्या पेशींच्या आवरणात प्रामुख्याने तेच असते, म्हणून ही उणीव लहान नाही.

पण मुलाच्या मनःस्थितीवर या तेलाचा किती परिणाम होतो, याचे उत्तर एवढे सरळ नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्नातील एका चाचणीत, सायकोसिसचा (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा) धोका अधिक असलेल्या १३ ते २५ वर्षांच्या ८१ जणांपैकी निम्म्यांना बारा आठवडे माशाचे तेल दिले होते. वर्षभरात तेल घेणाऱ्यांपैकी दोघांना, तर न घेणाऱ्यांपैकी अकरा जणांना तो आजार झाला. त्यामुळे मोठी आशा निर्माण झाली, परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत मिळून केलेल्या मोठ्या चाचणीत असा फरक दिसला नाही. प्रौढांच्या नैराश्यात ईपीएचे प्रमाण जास्त असलेल्या तेलाचा काही उपयोग दिसतो, तोही रोज सुमारे एक ग्रॅम ईपीए दिल्यावर. एवढे ईपीए साध्या पाच-सहा कॅप्सूलमधून मिळते. तो उपचार झाला, आणि तो डॉक्टरांनी ठरवायचा असतो. आपण मेडिकलमधून बाटली आणून रोज एक कॅप्सूल देतो, तेव्हा उपचार करत नसून आहारात थोडी भर घालत असतो, आणि त्या पातळीवर जवस फारसे मागे राहत नाही, असे मला वाटते.

आमचा निर्णय मात्र या आकड्यांनी झाला नाही. तो ढेकरांनी झाला. सकाळच्या नाश्त्यानंतर कॅप्सूल घेतली की तासाभरात माशाच्या वासाचा ढेकर येई, आणि त्या वेळी मुलगी अभ्यासिकेत, टेबलाला टेबल लागलेल्या रांगेत बसलेली असे. आमचे घर माळकरी, त्यामुळे हा वास तिला मुळातच सहन होणारा नव्हता. शिवाय तो शेजारच्या मुलीला येत असेल, या विचाराने तिचे वाचनातील लक्ष उडे. कॅप्सूल फ्रिजमध्ये गार करून घेतल्यास त्रास कमी होतो असे सांगण्यात आले, पण वसतिगृहाच्या खोलीत फ्रिज कोठून येणार? म्हणून ती रात्री झोपताना घेऊ लागली, तर आडवे पडताच तोच वास घशाशी येऊ लागला आणि जी झोप सुधारायची होती तीच मोडली. दिवाळीला ती घरी आली तेव्हा तिच्या पेटीत कॅप्सूलची बाटली जवळजवळ भरलेली सापडली. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती दीड-दोन महिने फोनवर “घेते आहे” असे सांगत होती. मन हलके व्हावे म्हणून दिलेल्या वस्तूमुळेच तिला आमच्यापासून काही लपवावे लागले, हे मला फार लागले.

शैवालापासून केलेल्या शाकाहारी डीएचए कॅप्सूलही मिळतात. त्या महाग आहेत, आणि एकदा विटलेल्या मुलीला आणखी एक बाटली देण्याची माझी इच्छा झाली नाही.

माझ्या आईने जवस काढले. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटलेली ही चटणी मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको. तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. जवस अख्खे खाऊ नये, कारण ते बरेचसे तसेच बाहेर पडते. कुटल्यावर त्याचे तेल लवकर खवट होते, म्हणून एका वेळी पंधरा दिवसांपुरतीच चटणी करावी. आणि कारळाची चटणी जवसाची जागा घेऊ शकत नाही. कारळात मुख्यतः ओमेगा-६ असते. करडईच्या तेलाचेही तसेच आहे, त्यात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६च, असते, आणि ते एएलएच्या रूपांतरात वाटेकरी होऊन ते कमी करते. म्हणून चटणीवर घ्यायला आम्ही करडईऐवजी शेंगदाण्याचे तेल देतो.

यापुढचे मी मोजलेले नाही, फक्त पाहिलेले आहे. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून जेवण टाळता येते. चटणीला भाकरी लागते. मेसचा डबा अर्धा परत करणारी मुलगी चटणीमुळे रात्री वेळेवर पूर्ण जेवू लागली, मैत्रिणींना बोलावू लागली, आणि डिसेंबरपर्यंत रविवारचे फोन लांबले. हे एएलएमुळे झाले, पोटभर जेवणामुळे की सोबतीमुळे, हे मी सांगू शकत नाही. ज्यांच्या मुलांना डॉक्टरांनी ईपीए लिहून दिले आहे, त्यांनी ते बंद करून चटणीवर विसंबू नये. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस घेत नसेल किंवा जगणे नको म्हणत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो.

आमच्याकडून दर पंधरवड्याला दीडशे ग्रॅम जवसाची चटणी गावाहून लातूरला जाते, आणि बरणी रिकामी परत येते.