स्लीव्ह ठेवली, शेल काढलं: लॅपटॉपच्या संरक्षणाचा काही महिन्यांचा अनुभव

नवा लॅपटॉप घेताना स्लीव्ह (लॅपटॉप ठेवायची मऊ, चेनची पिशवी), खटकन बसणारं पारदर्शक प्लास्टिकचं शेल, सिलिकॉनचं कीबोर्ड कव्हर आणि वेबकॅमवरची सरकती झाकणी, सगळंच एकदम मागवलं होतं. त्यातली आता फक्त स्लीव्ह वापरात आहे.

आधी शेलबद्दल, कारण सगळ्यात जास्त अपेक्षा त्याच्याकडून होत्या. सुरुवातीला छान वाटतं, ओरखड्यांची धास्ती संपते. पण शेल आणि लॅपटॉप यांच्यामध्ये बारीक धूळ शिरतेच, आणि एकदा शिरली की बाहेर पडायला वाट नसते. रोजच्या हालचालीत ती आतल्या आत घासत राहते. मी शेल काढलं तेव्हा झाकणाच्या कोपऱ्यांजवळ बारीक चरे पडलेले दिसले. जे टाळण्यासाठी घेतलं तेच त्याने केलं! शिवाय झाकणाचं वजन वाढतं आणि तो भार बिजागरीवर येतो. स्क्रीन थोडी मागे कलली की हळूहळू आपोआप खाली जायची. शेल काढल्यावर हा प्रकार थांबला. कोपऱ्यातले पकडणारे दात तर त्याआधीच तुटले होते.

कीबोर्ड कव्हर टायपिंगची मजा घालवतं, पण तो आवडीनिवडीचा भाग झाला. खरी अडचण झाकण मिटल्यावर येते. हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये मिटलेल्या स्क्रीन आणि कीबोर्डमध्ये नावापुरतीच फट असते. त्यात कव्हर राहिलं, वरून सॅकमधल्या पुस्तकांचा दाब आला, की तो थेट स्क्रीनवर. काही लॅपटॉप तर कीबोर्डमधूनही थोडी उष्णता बाहेर टाकतात, तिथे कव्हर म्हणजे वाफेच्या भांड्यावरचं झाकणच. वेबकॅमच्या झाकणीचंही तेच. अ‍ॅपलने २०२० मध्ये मॅकबुकवाल्यांना कॅमेऱ्यावर झाकणी ठेवून लॅपटॉप मिटू नका असं स्पष्ट सांगितलं होतं आणि लावायचीच असेल तर ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड नको, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाएवढीच, अशी मर्यादा दिली होती. बाजारातल्या प्लास्टिकच्या सरकत्या झाकण्या याहून बऱ्याच जाड असतात.

आता स्लीव्ह. निओप्रीनची आहे, आतून मऊ अस्तर. धक्का शोषते, सॅकमधल्या किल्ल्या-चार्जरपासून वाचवते, पावसाचे दोन-चार थेंब सहन करते. वॉटरप्रूफ मात्र समजू नये. शिलाईतून आणि चेनमधून पाणी जातंच. घेताना फक्त इंच पाहू नका, लॅपटॉपची लांबी, रुंदी, जाडी मोजा. एकाच इंचाच्या दोन लॅपटॉपांच्या मापांत बराच फरक असतो आणि सैल स्लीव्हमध्ये लॅपटॉप आतच आपटत राहतो. आणखी एक, स्लीव्हमध्ये टाकण्यापूर्वी तो खरोखर झोपलाय ना ते बघा. चालू राहिला तर आत चांगलाच तापतो, आणि उष्णता बॅटरीचं आयुष्य कमी करते. मी सरळ बंद करूनच ठेवतो.

एवढं करूनही ज्या जागेकडे कुणाचं लक्ष नसतं ती म्हणजे चार्जिंगचं भोक. टाइप-सी जोडणीच्या मानकात दहा हजार वेळा घालण्या-काढण्याची क्षमता धरलेली आहे, म्हणजे झीज हा सहसा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो तो आडव्या दाबाचा. मांडीवर लॅपटॉप, बाजूला सोफ्याचा हात, मध्ये दुमडलेली पिन. त्यासाठी नंतर काटकोनात वळलेल्या पिनेची केबल घेतली. अख्ख्या खरेदीत सगळ्यात क्षुल्लक दिसणारी वस्तू, पण तिच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही.

स्क्रीनवर उमटणाऱ्या कीबोर्डच्या तेलकट खुणांसाठी किंचित ओलसर मायक्रोफायबरचं फडकं पुरतं. काचेचा स्प्रे थेट स्क्रीनवर मारू नका, द्रव कडेतून आत उतरतो.

गुण द्यायचे तर शेलला पाचपैकी एक, कीबोर्ड कव्हरला दोन (आसपास चहा-कॉफी घेऊन फिरणारी लहान मुलं असतील तर तीन, पण मिटताना काढायचं या अटीवर), स्लीव्हला चार. एक गुण चेनसाठी कापला: तिच्या आतल्या बाजूला कापडी पट्टी नाही, त्यामुळे लॅपटॉप आत-बाहेर करताना दात कडेला घासतात. पुढची घेताना आधी चेन उघडून तेवढंच बघणार.