‘विषाणूंपासून संरक्षण’ देणारी कॅप्सूल : डबीवरचा दावा आणि आतला ऐवज

पंधरा जीवाणूंचे मिश्रण, ‘श्वसनमार्गाच्या विषाणूसंसर्गापासून संरक्षण’ अशी ठळक ओळ आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांतील तपशील, असे या प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्याला उपकारक मानलेल्या जिवंत जीवाणूंच्या, कॅप्सूलचे स्वरूप आहे. गिळायला सोपी, चवीला काहीच नाही, पहिले काही दिवस पोटात थोडा वायू धरतो. वापरण्यातली गोष्ट एवढीच.

दाव्यामागचे शास्त्र मात्र पोकळ नाही. आतड्यातील जीवाणू तंतुमय पदार्थ आंबवून ब्युटिरेट, अ‍ॅसिटेट यांसारखी लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात आणि त्यांचा प्रभाव रक्तावाटे फुप्फुसातील रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोहोचतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रतिजैविके देऊन उंदरांच्या शरीरातील जीवाणू घटवले, तेव्हा इन्फ्लुएन्झाविरुद्धचा त्यांचा प्रतिसाद स्पष्टपणे दुबळा झाला. पण उंदराच्या आतड्यातले जीवाणू नाहीसे करणे आणि धडधाकट माणसाला रोज एक कॅप्सूल देणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातदार नेमका हाच फरक गिळून टाकतात. माणसांवरील चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे परीक्षण करणाऱ्या संस्थेने 2022 मध्ये घेतलेला आढावा सांगतो, की प्रोबायोटिकने वरच्या श्वसनमार्गाचे संसर्ग काहीसे कमी होऊ शकतात आणि आजारपण सरासरी सुमारे एक दिवस लवकर आटोपते. तेही बऱ्याच अंशी कमी खात्रीच्या पुराव्यावर. ‘संरक्षण’ हा शब्द त्यात बसत नाही.

खरी तक्रार लेबलाविषयी आहे. प्रोबायोटिकचा गुण प्रजातीचा नव्हे तर विशिष्ट स्ट्रेनचा, म्हणजे प्रजातीतल्या उपप्रकाराचा असतो, म्हणूनच ऱ्हॅम्नोसस या प्रजातीच्या नावापुढे ‘जीजी’ हे स्ट्रेनचे नाव लिहिलेले आहे की नाही याला महत्त्व आहे. या डबीवर पंधरा प्रजातींची नावे आहेत, स्ट्रेन एकाचाही नाही; त्यामुळे कोणत्याही चाचणीचा निष्कर्ष या मिश्रणाला लावताच येत नाही. पंधरा हा आकडा मला तरी निव्वळ सजावटीचा वाटतो. जिवंत जीवाणूंची संख्याही ‘उत्पादनाच्या वेळी’ अशी दिली आहे. ओलावा आणि उष्णता यांनी ती घटत जाते, म्हणून ग्राहकाला मुदत संपतानाची संख्या हवी असते. साठवणुकीच्या तापमानाचा तर उल्लेखच नाही.

पाचपैकी दोन तारे. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांनी, तसेच शिरेत कॅथेटर (औषधासाठी बसवलेली नळी) असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे घेऊ नये, कारण अशा व्यक्तींमध्ये हेच जीवाणू क्वचित रक्तात शिरून गंभीर संसर्ग घडवतात. ही सूचना डबीवर कुठेही छापलेली नाही.