युनियन की पत्रकार संघ?

मुंबईत वर्तमानपत्राच्या डेस्कवर रुजू झालात की पहिल्याच महिन्यात कुणीतरी विचारतं, "संघाचा फॉर्म भरलास का?" युनियनचं नाव सहसा कुणी काढत नाही.

संघाचं कार्ड उपयोगी आहेच. ओळखी होतात, व्याख्यानं, पुरस्कार. पण तिथे संपादकही आपल्याच शेजारी बसलेले असतात. पगाराचा विषय निघाला की चहा मागवला जातो.

युनियन कामगार संघटना म्हणून कायद्याने नोंदलेली, तिचं कामच भांडायचं. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये वैध ठरवल्या. तरी आमच्याकडे एचआरने छापील कागद पुढे केला: 'मला आहे तोच पगार मान्य आहे.' आहे तो पगार चालू ठेवायची मुभा देणारं शिफारशींतलं कलम २०(जे) ते हेच. मी पेनाचं टोपण काढलंही होतं. युनियनवाल्या सहकाऱ्याने कागद उलटा करून ठेवला, म्हणाला, "आधी जेवून ये." जून २०१७ मध्ये न्यायालयानेच सांगितलं, मंडळापेक्षा कमी पगारासाठी ते कलम वापरता येणार नाही.

युनियनचा तोटा? साहेबांच्या डोळ्यावर येता, बदलीची टांगती तलवार राहते. तरी एकच वर्गणी परवडत असेल तर मी युनियनची भरेन. तालुक्यातून मानधनावर बातम्या पाठवणाऱ्या स्ट्रिंगरला मात्र बहुधा नेमणूकपत्रच नसतं. त्याने नोकरीचा पुरावा म्हणून काय दाखवायचं?