नियोजित टॉवर की कात टाकणारी जुनी वस्ती? घर ठरवण्याआधी

वाढत्या शहरात घर शोधायला निघालं की थोड्याच दिवसांत पर्याय दोनावर येऊन ठेपतात. एक म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याच्या, गोदीच्या किंवा रेल्वे यार्डाच्या जागेवर आखलेला तीस-चाळीस मजली टॉवर. दुसरा, कात टाकू लागलेल्या जुन्या वस्तीतली चार ते सात मजल्यांची इमारत. नीट दुरुस्त केलेली, किंवा त्याच गल्लीत नव्याने बांधलेली. दोन्ही आवाक्यात आहेत पण मन ठरत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. माझा कल आधीच सांगून टाकते: स्वतः राहायला घर हवं असेल तर मी जुन्या वस्तीकडे झुकते. मात्र तिथल्या इमारतीची तब्येत आणि कागदपत्रं दोन्ही चोख हवीत. ती नसतील तर टॉवर बरा. काही कुटुंबांसाठी तर टॉवरच बरा.

मॉडेलमधलं आणि जमिनीवरचं

टॉवरच्या विक्री कार्यालयात काचेच्या पेटीत प्रकल्पाचं मॉडेल असतं. त्यातली झाडं पूर्ण वाढलेली असतात, मेट्रो सुरू झालेली असते, शाळेच्या मैदानावर मुलंही दिसतात. तिथल्या माणसाला एकच विनंती करा: आज जे उभं आहे, तेवढ्यावर बोट ठेवून दाखवा. बहुतेक वेळा बोट एक-दोन इमारतींवर आणि एका रस्त्यावर थांबतं. बाकी सगळं पुढच्या टप्प्यांत.

टप्पे पाडण्यात लबाडी नाही, मोठ्या जागेचं काम असंच चालतं. लंडनमधल्या किंग्ज क्रॉस इथल्या जुन्या रेल्वे यार्डाच्या २७ हेक्टर जागेच्या आराखड्याला २००६ मध्ये मंजुरी मिळाली. तिथला ग्रॅनरी स्क्वेअर हा चौक २०१२ मध्ये खुला झाला आणि कोळशाच्या जुन्या गोदामांतून घडवलेला कोल ड्रॉप्स यार्ड हा दुकानांचा भाग २०१८ मध्ये. आणि हा चांगला पार पडलेला प्रकल्प म्हणायचा! जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये जुन्या गोदीच्या जागेवर वसवलेल्या हाफेनसिटीचा आराखडा २००० सालचा, जागा १५७ हेक्टर. काम दोन दशकं उलटली तरी संपलेलं नव्हतं. तिथली एक पद्धत मात्र मला फार मोलाची वाटते. बिल्डरला भूखंड लगेच विकत नाहीत. आधी ठरावीक मुदतीसाठी त्याच्या नावे राखून ठेवतात, त्या मुदतीत त्याने नकाशे आणि परवानगी पुरी करायची, आणि मगच विक्री. जमीन नुसती अडवून ठेवण्याला त्यामुळे आळा बसतो. तुमच्या प्रकल्पातल्या पुढच्या टप्प्यांना अशी कुणी मुदत घातली आहे का, ते विचाराच. घातली नसेल तर बाग आणि शाळा बाजार तेजीत असेल तरच होतील, असं धरून चाला. आज मूल दोन वर्षांचं आहे आणि शाळा तिसऱ्या टप्प्यात आहे, तर ती शाळा त्या मुलाच्या कामी येण्याची शक्यता कमीच.

जुन्या वस्तीत बसथांबा, दवाखाना, किराणा, सावलीची झाडं आज आहेत. तिथली भीती वेगळी असते: आज आहे ते उद्या राहील का? वस्ती सुधारते तशी भाडी चढतात, छोटे दुकानदार आणि भाडेकरू बाहेर फेकले जातात आणि ज्या गल्लीवर भाळून आपण घर घेतलं ती गल्लीच उरत नाही. हे टाळता येतं. बर्लिनच्या क्रॉयत्सबर्ग भागात जुन्या इमारती सरसकट पाडायचा घाट घातला गेला होता. रहिवाशांनी तो रोखला, आणि १९८३ मध्ये वास्तुविशारद हार्ट-वाल्थर हेमर यांच्या पुढाकाराने ‘जपून नूतनीकरण’ करण्याची १२ तत्त्वं स्वीकारली गेली: आधी राहणाऱ्यांशी बोला, पाडापाड कमीत कमी करा, काम टप्प्याटप्प्याने करा. म्हणून घर बघायला जाल तेव्हा दलालाला बाजूला ठेवून गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा की इथले किती लोक राहिले आणि किती गेले. त्या उत्तरातून वस्तीचं पुढचं चित्र बरंचसं कळतं.

उंची म्हणजे दाटी नव्हे

‘शहर वाढतंय, मग उंच जाण्याला पर्याय काय?’ हे वाक्य विक्री कार्यालयात हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांनी १९६० च्या दशकात गणिताने दाखवून दिलं की एखाद्या जागेवर टॉवर जेवढं बांधकाम क्षेत्र देतात, तेवढंच मधे चौक सोडून कडेने बांधलेल्या कमी उंचीच्या इमारतीही देऊ शकतात. मूळ पॅरिस शहरात बहुतेक इमारती सहा-सात मजल्यांच्या, तरी दर चौरस किलोमीटरला सुमारे २०,००० माणसं राहतात. टॉवरमुळे जमीन मोकळी राहते हे खरं, पण त्या मोकळ्या जमिनीवर काय आहे ते नकाशात बघा. पुष्कळदा तिथे गाड्यांचा रॅम्प आणि पार्किंगचं छत असतं, आणि त्या छतावर कुंड्यांतली हिरवळ.

लिफ्ट, आग आणि विसावं वर्ष

छत्तीस मजले, मजल्याला चार घरं, म्हणजे १४४ घरं. लिफ्ट तीन, त्यातली एक दुरुस्तीला. सकाळी साडेआठला पंचविसाव्या मजल्यावर दप्तर लावून मूल उभं आहे. पहिली लिफ्ट भरलेली येते आणि तशीच खाली जाते. दुसरी प्रत्येक मजल्यावर थांबत येते, आत सामानाची ट्रॉली. शाळेची बस खाली थांबलेली. दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षं हेच होणार. त्यामुळे सॅम्पल फ्लॅट बघून भुलू नका. त्याच बिल्डरच्या पाच-सात वर्षं जुन्या टॉवरच्या खाली सकाळी अर्धा तास उभे राहा. जुन्या वस्तीत पाच मजली इमारतीला लिफ्टच नसणं हीही तेवढीच खरी अडचण आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ती घरातच अडकून पडण्याइतकी मोठी आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. आग भडकवणारं बाहेरचं आवरण काही काळ आधीच्या नूतनीकरणात लावलेलं होतं. टॉवर असो वा नव्याने सजवलेली जुनी इमारत, बाहेरून लावलेलं साहित्य जळणारं आहे का, हे लेखी मागा. जुन्या गल्लीत आणखी एक पाहा: अग्निशमनाची गाडी दारापर्यंत येते का.

आता पैशाचं, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. टॉवरमध्ये घराबरोबर आपण पंप, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा, लिफ्ट यांचे भागीदार होतो. लिफ्टचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षं धरतात. सुरुवातीचा मेंटेनन्स कमी असतो कारण सगळं नवं असतं. खरी परीक्षा विसाव्या वर्षाच्या आसपास असते. फ्लोरिडातल्या सर्फसाइडची १२ मजली, १३६ घरांची शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही इमारत १९८१ ची. २०१८ मध्ये अभियंत्याने लेखी कळवलं होतं की पोहण्याच्या तलावाभोवतालच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि काँक्रीट खराब होतंय. दुरुस्तीचा खर्च सुमारे दीड कोटी डॉलर, गाठीशी निधी तुटपुंजा, त्यामुळे घरमालकांचे वाद लांबत गेले. २४ जून २०२१ ला मध्यरात्र उलटल्यावर इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसं गेली. कोसळण्यामागे बांधकामातले दोषही होतेच, पण दुरुस्ती रखडली ती पैशापायी.

उंच इमारत सांभाळता येत नाही असा याचा अर्थ नाही. सिंगापूरमध्ये सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात, त्यातली कित्येक उंच आहेत. पण तिथे दरमहाच्या शुल्कातला एक हिस्सा मोठ्या दुरुस्त्यांच्या निधीत टाकणं कायद्याने बंधनकारक आहे. उलट अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराच्या प्रुइट-आयगो या सरकारी भाड्याच्या घरांच्या वसाहतीत, ११ मजली ३३ इमारतींत, देखभाल भाड्याच्या उत्पन्नावर सोडली होती. भाडेकरू घटले, देखभाल खालावली, म्हणून आणखी घटले. १९७२ मध्ये इमारती पाडायला सुरुवात झाली, तेव्हा त्यांना वीस वर्षंही झाली नव्हती.

जुन्या लहान इमारतीत यंत्रं कमी, त्यामुळे असा खर्च एकदम अंगावर येण्याची शक्यता कमी. पण सोळाच घरं असली तर पाया किंवा छताचा खर्च सोळा जणांतच वाटायचा, आणि त्यातले दोघे देत नसतील तर काम अडतं.

कुणी काय घ्यावं

घरात वयस्कर माणूस आहे, जुन्या इमारतीत लिफ्ट बसवायला जागा नाही आणि टॉवरचा त्या घराचा टप्पा पूर्ण होऊन लोक राहायला आलेत: टॉवर घ्या, जमल्यास दहाव्या मजल्याच्या आत. लहान मुलं आहेत, दोघंही कामावर जाता, गाडीवर सगळं अवलंबून नको आहे: जुनी वस्ती. मालकीत वारसांचा गुंता असेल किंवा स्ट्रक्चरल ऑडिट करायला मालक कां-कू करत असेल तर घर कितीही आवडलेलं असो, सोडा. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर पहिल्या टप्प्यातला टॉवर मी घेणार नाही. पुढच्या टप्प्यांतली शेकडो नवी घरं तुमच्या विक्रीला टक्कर देतात.

बयाणा देण्याआधी टॉवरसाठी मोठ्या दुरुस्तीच्या निधीचा मागच्या तीन वर्षांचा हिशेब मागा. नवा टॉवर असेल तर त्याच बिल्डरच्या जुन्या टॉवरचा. जुनी इमारत मात्र मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी पाहायला जा. वरच्या मजल्याचं छत, जिन्याचा कोपरा, तळमजल्याच्या भिंतीचा खालचा हातभर भाग: तिथे हात लावून बघा आणि ओल असेल तर पुढचं बोलणं अभियंत्याला बरोबर घेऊनच करा.