चूल की कुकर? अणुवीज घ्यायची तर कोणत्या वाटेने

भाचीची बेळगावात कॉलेजची वादविवाद स्पर्धा आहे. विषय: विकसनशील देशांनी अणुवीज घ्यावी, की बॉम्बच्या धास्तीने टाळावी? बाजू कोणती घेऊ, विचारायला खानापूरला आली. म्हटलं, आधी अणुभट्टी कोणती ते ठरव.

एक भट्टी आपल्या उशाशीच. कारवारजवळ काळी नदीकाठचं कैगा, २२० मेगावॅटचे चार संच. तिथे जड पाणी (जड हायड्रोजनचं) आणि नैसर्गिक युरेनियम, समृद्धीकरणाची, म्हणजे युरेनियमचा फुटणारा अंश वाढवण्याची भानगड नाही. दुसरी तामिळनाडूतल्या कुडनकुळमची: १००० मेगावॅटचे संच, साधं पाणी, रशियाचं समृद्ध इंधन.

कैगा म्हणजे चूल. जाळ चालू असतानाच एकीकडून लाकूड सारायचं, दुसरीकडून निखारा ओढायचा. म्हणूनच तिथला पहिला संच २०१८ अखेर सलग ९६२ दिवस चालला. पण त्याच सोयीने इंधन अर्धवट जळालेलं असतानाच काढता येतं, आणि बॉम्बला लागतं तसं प्लुटोनियम त्यातच मिळतं. कुडनकुळम हा कुकर. झाकण काढायचं तर गॅस बंद करा, वाफ जिरू द्या, शेजारणीलाही कळतं. बॉम्बसाठी इंधन वळवलं जात नाही ना, हे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना हेच सोयीचं.

ही भीती हवेतली नाही. १९७४ च्या पोखरण स्फोटाचं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं. ती कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिली होती, जड पाणी अमेरिकेचं.

कुकरची अडचण एकच, पण मोठी: सिलिंडर दुसऱ्याच्या हातात. तारापूरने ते भोगलंय. अमेरिकेने अण्वस्त्रप्रसार रोखणाऱ्या आपल्या १९७८ च्या कायद्यावर बोट ठेवून इंधन अडवलं, शेवटी १९८२ मध्ये फ्रान्स धावला. मग वाटतं, समृद्धीकरण आपणच करावं. खरी मेख इथे आहे. चार टक्क्यांपर्यंत नेणारी यंत्रं नव्वदपर्यंतही नेतात, आणि निम्म्याहून जास्त मेहनत चार टक्क्यांपर्यंतच झालेली असते. इराणच्या बुशहर वीजकेंद्राला इंधन रशिया देतो, वापरलेलं परत नेतो. जगाची झोप उडवली ती नतान्झच्या समृद्धीकरण केंद्राने.

संयुक्त अरब अमिरातीने अमेरिकेशी केलेल्या २००९ च्या करारात समृद्धीकरण आणि पुनर्प्रक्रिया (वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणं) दोन्ही सोडली. तिथल्या बराका वीजकेंद्रातल्या चारही कोरियन भट्ट्या आज चालू आहेत. त्यांच्याकडे पैसा आहे, हे खरं. तरी नव्या देशाला मी कुकरच सुचवीन, मात्र सिलिंडरवाले दोन-तीन हवेत.

भाचीने 'घ्यावी'ची बाजू धरली. निघताना विचारलं, "मामा, आपल्या कैगाला निरीक्षक येतात?"

नाही येत. अमेरिकेशी अणुकरारासाठी २००६ मध्ये नागरी आणि लष्करी केंद्रांची विभागणी झाली, तीत १४ भट्ट्या तपासणीखाली गेल्या, कैगा बाहेर राहिलं.

"समोरच्यांनी हेच काढलं तर?" म्हणाली, आणि चप्पल काढून परत आत आली.